जोड्या पुऱ्या

बाई मैदानात गुडघे टेकून बसल्या होत्या आणि दोन मुलींचे पाय घोट्यापाशी एकत्र बांधत होत्या. जुन्या चादरीच्या पट्ट्या. गाठ घट्ट बसली तर काचते, सैल राहिली तर पोरं तोंडघशी पडतात. बाईंच्या हातची मात्र नेमकी बसे. शाळेचा उपक्रम-सप्ताह चालू होता. सोमवारी चित्रं झाली, काल सहल झाली, आज शर्यती, उद्या हस्तकला आणि शुक्रवारी पालकांसमोर समारोप. कालच्या सहलीचा विषय सकाळपासून कुणी काढला नव्हता. ओल्या फरशीच्या कडेनं चालावं तसे सगळे त्याच्या कडेकडेनं चालत होते.

“बाई, माझा हात रिकामा आहे.”

बाईंनी वर पाहिलं. शहाणी उभी होती. हे नाव तिला पहिल्याच महिन्यात पडलं होतं. वहीचा कोपरा दुमडलेला नाही, डब्यात उष्टं राहिलेलं नाही, बाई फळ्याकडे वळल्या की सारा वर्ग जे करतो ते ती करत नाही. आता तिची आईही तिला शहाणीच म्हणायची.

“माहीत आहे गं. भिंगरी आज आली नाही ना.”

“मग मी कुणाबरोबर पळू?”

“तू आज शिट्टी वाजव. मोठा मान असतो तो.”

शहाणीला शिट्टीत गोडी वाटली नाही. तिनं पहिलीच्या रांगेकडे मान वळवली. तिथं तिचा धाकटा भाऊ बाहीला नाक पुशीत उभा होता.

“मग धाकट्याला घेऊ? काल घेतला होता तसा?”

पट्टी बाईंच्या हातात तशीच राहिली. एक पीळ बसला होता, दुसरा बसायचा होता.

“काल कधी?”

“फाटकापाशी. तुम्ही मोजत होता तेव्हा.”

दुसरीच्या वर्गात जोडीची पद्धत होती आणि ती बाईंनीच घालून दिली होती. वर्षाच्या सुरुवातीला ज्याचा हात ज्याच्या हातात दिला, तो वर्षभरासाठी. वर्गाबाहेर पाऊल टाकायचं ते हात धरूनच. बाई रांगेच्या कडेनं चालत जात, प्रत्येक जोडीच्या मुठीवर दोन बोटं टेकवत आणि मनात मोजत. मोजताना कुणी बोलायचं नाही. एक जरी रिकामा हात दिसला तरी रांग पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, लांबूनच विचारत, “जोड्या पुऱ्या?” आणि बाई म्हणत, “पुऱ्या.” तेवढं झालं की निघायचं. त्या एका शब्दावर शाळेनं कधी शंका घेतली नव्हती. शिक्षकखोलीत थट्टा चाले की बाईंची रांग बघून मुंग्यासुद्धा आपली ओळ सुधारतात.

काल बागेच्या फाटकातही बाई “पुऱ्या” म्हणाल्या होत्या. दुसरीची आणि पहिलीची एकच बस होती. बस शाळेत आली, पालक आले, पोरं पांगली, आणि भिंगरीची आई दवाखान्यातली पाळी संपवून पांढऱ्या बुटांनिशी आली होती ती तशीच उभी राहिली. भिंगरी बसमध्ये नव्हती. बागेच्या पहारेकऱ्याला ती सापडली तेव्हा दिवे लागायला आले होते. कारंज्याच्या कठड्यामागे बसली होती, ओलीचिंब, रडून रडून गप्प झालेली. एरवी एका जागी न ठरणारी, म्हणून तर ती भिंगरी. काही विचारलं की एवढंच म्हणे, “बस गेली.”

फाटकात जोड्या पुऱ्या होत्या. म्हणजे पोर सुटली ती फाटक आणि बस यांच्या मधे. आणि तिथं रांगेच्या शेवटी असायच्या मावशी, शाळेच्या मदतनीस.

“माझ्यासमोरून कुणी मागं गेलं नाही हो,” मावशी म्हणाल्या होत्या. दोनदा म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “मी स्वतः हात लावून मोजलंय.”

तिसऱ्यांदा मावशी काही म्हणाल्या नाहीत. त्यांना तूर्त घरीच थांबायला सांगितलं गेलं.

“नीट सांग मला,” बाई आता शहाणीला म्हणाल्या. शर्यतीचे नियम सांगावेत तसा त्यांनी आवाज ठेवला.

शहाणीनं सांगितलं. प्रश्नाचं उत्तर येत असलं की ती अशीच ताठ उभी राहून बोले. भिंगरी कारंज्याकडे पळाली. हाक मारली, आली नाही. तेवढ्यात बाई मोजत मोजत जवळ आल्या. पहिलीची मुलं शेजारीच पाणी पीत होती. सगळ्यांच्या डोक्यावर सप्ताहाच्या पिवळ्या टोप्या. तिनं धाकट्याला ओढून घेतलं. बाईंनी मुठीवर बोटं टेकवली आणि पुढे गेल्या. मग धाकटा पळाला आपल्या रांगेत.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मोजत होता. मोजताना बोलायचं नाही.”

“आणि मोजून झाल्यावर?”

शहाणीनं थोडा विचार केला. “तुम्ही पुऱ्या म्हणालात. मग मला वाटलं, आली असेल.”

पलीकडे एका जोडीनं शिट्टीआधीच धाव घेतली होती आणि दोघं भुईसपाट झाली होती. हशा पिकला. शहाणी हसली नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

“मी बरोबर केलं ना, बाई? रांग मोडू दिली नाही.”

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. खाली वाकून त्यांनी दुसरा पीळ दिला. गाठ इतकी घट्ट बसली की बांधलेली मुलगी कळवळली, आणि बाईंना ती सोडून पुन्हा बांधावी लागली.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई शिक्षकखोलीत आल्या आणि उभ्याउभ्याच चहा घेतला.

“शुक्रवारी सुरुवात तुमच्या रांगेनं करायची. विश्वस्त येणार आहेत. कालचं तिखटमीठ लावून घरोघर पोचलंय. बघू दे लोकांना, शाळेची शिस्त काय असते ते.”

“मावशींचं काय ठरलं?” बाईंनी विचारलं.

“ते मी बघते. भिंगरीच्या आईची समजूत घालायला नको का? मावशी येतील, सगळ्यांसमोर दोन शब्दांत माफी मागतील. विषय मिटला. मग आपण त्यांना चांगला निरोप देऊ.”

“निरोप?”

“वय झालं हो त्यांचं. आज ना उद्या जायच्याच होत्या.”

पहिलीच्या बाई नव्या होत्या, वयानं लहान. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून पडलं. “मी तर काल मोजताना थरथरत होते,” त्या म्हणाल्या. “नशीब माझे सगळे भरले. एकसुद्धा कमी नाही.”

बाईंनी त्यांच्या कपात तरंगणाऱ्या बिस्किटाकडे पाहिलं. ओठांवर आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं. आता बोललं तर पहिला प्रश्न येणार, त्या जोडीत होतं कोण? मग शहाणीला बोलावतील. सात वर्षांची पोर मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलापलीकडे उभी राहील. तिची आई काय म्हणेल, भिंगरीची आई काय म्हणेल. नको, पोरीच्या जिवाला घोर नको. बाईंना हे कारण फार चांगलं वाटलं. इतकं चांगलं, की घरी जाईपर्यंत त्यांनी ते दोनतीनदा काढून बघितलं.

बाईंचा रोजचा एक नेम होता. संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीशी बसायचं, डोळे मिटायचे आणि वर्गातलं एकेक मूल देवाच्या स्वाधीन करायचं. रांगेच्या क्रमानंच. हा पोटात कुरकुर करतो, त्याला सांभाळ. हिचे वडील दूरगावी आहेत, त्यांना सुखरूप ठेव. शेवटच्या जोडीपाशी नेम पुरा होई, मग जेवण. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, नेम चुकला नव्हता.

आज त्या शहाणीपर्यंत आल्या आणि अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच. मिटल्या डोळ्यांपुढे ती मूठ दिसे, आणि आपली दोन बोटं तिच्यावर टेकून पुढे जाताना दिसत.

“आज देवाकडं गर्दी आहे वाटतं,” नवरा म्हणाला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि घरी आल्यावरही तो कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत असे. “ताटं वाढू, का झाकू?”

“तुम्ही जेवून घ्या.”

“मी एकटा कधी जेवलोय? उगाच नवे पायंडे पाडू नकोस.” त्यानं बारीक पेचकस खाली ठेवला. “शाळेतलं काही?”

“मावशींना काढतायत.”

“त्यांना? अगं, तुला मागं चक्कर आली तेव्हा त्याच तर तुला हाताला धरून घरी घेऊन आल्या होत्या. जिना चढून. नंतर स्वतः पायरीवर बसल्या होत्या धापा टाकत, आणि मलाच म्हणत होत्या, वजनदार आहे हो तुमची बाई.”

“हो.”

“मग तू बोल की मोठ्या बाईंशी. तुझा शब्द चालतो तिथं.”

“चालतो,” बाई म्हणाल्या.

नवरा शेवटी एकटाच जेवला. बाईंचं ताट झाकलेलंच राहिलं.

गुरुवारी हस्तकला. मुलांनी रंगीत कागदावर आपापला हात ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, कातरलं, आणि हॉलच्या भिंतीवर हातांची लांब माळ चिकटवली. शहाणीनं दोन हात कापले होते.

“हा भिंगरीचा,” ती म्हणाली. “तिची करंगळी वाकडी आहे. मला हाताला कळते.”

बाईंनी डिंकाचं बोट कितीतरी वेळ फडक्याला पुसलं.

शाळा सुटल्यावर त्या मावशींकडे गेल्या. बेकरीच्या मागच्या दोन खोल्या. मधली भिंत भट्टीमुळे कायम कोमट. मावशी उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या.

“या, या. भिंतीला पाठ लावून बसा. शेक फुकटचा आहे.”

बाई बसल्या. मावशींनी चहा ठेवला, साखर विचारली नाही. त्यांना माहीत होती.

“पोर येते का शाळेत?”

“नाही अजून. उद्या आईबरोबर येईल.”

“खाते का नीट?”

“मी… विचारलं नाही.”

“घाबरली असणार. घाबरलेलं पोर आधी खायचं सोडतं.” मावशींनी पेला पुढे ठेवला आणि समोर बसल्या. “मी फार आठवून बघितलं हो, बाई. फाटक, वाट, बसची पायरी. मागं वळताना मला कुणी दिसत नाही. मग मनाला म्हटलं, तुझे डोळे ते केवढे. बाईंनी हात लावून मोजलं म्हणजे पोर होती. होती, तर माझ्या नाकासमोरूनच गेली. मला दिसली नाही, इतकंच.”

“मावशी, तसं नाही…”

“तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? बरं, हे ऐका आणि चुकलं तर सांगा. पाठ केलंय मी.” मावशी उठून उभ्या राहिल्या. दुसरीतली पोरं कविता म्हणायला उभी राहतात तशा, हात मागे बांधून. “माझं लक्ष नव्हतं. माझ्यामुळं पोर मागं राहिली. आईनं मला माफ करावं.” मग त्या हळूच म्हणाल्या, “मोठ्या बाईंनी निष्काळजीपणा म्हणायला सांगितलंय. पण तो शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. लक्ष नव्हतं म्हटलं तर चालेल ना?”

भिंतीपलीकडे कुणीतरी भट्टीचं दार लोटलं. चहावर साय धरली होती.

“चालेल,” बाईंच्या तोंडून निघालं.

मावशी त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. निघताना बाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, “तुम्ही आलात, बरं वाटलं. बाकी कुणी आलं नाही.”

त्या संध्याकाळी बाई खिडकीशी बसल्याच नाहीत. उभ्या राहिल्या. नवऱ्यानं एकदा पाहिलं आणि त्याही संध्याकाळी ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. माइक शिट्टी घालत होता आणि संगीताच्या सरांनी त्याला चापटी मारून गप्प केलं. विश्वस्त पहिल्या रांगेत. त्यांच्याच रांगेच्या टोकाला भिंगरीची आई. भिंगरी तिच्या मांडीवर होती. एवढी मोठी मुलगी, पण आईचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला धरून, मावशी उभ्या होत्या. कपड्यांची इस्त्री कडक होती. ओठ हलत होते.

दुसरीचा वर्ग हॉलच्या तोंडाशी रांगेत उभा होता. बाई पहिल्या जोडीपासून मोजत निघाल्या. मुठीवर बोटं, पुढची मूठ, पुढची. शहाणीजवळ पोचण्याआधीच त्यांना दिसलं. पहिलीच्या रांगेतून धाकटा आपणहून येऊन उभा राहिला होता आणि त्यानं हात पुढे केला होता. त्याला आता कुणी ओढावं लागत नव्हतं.

बाई थांबल्या.

“बाळा, तू आपल्या रांगेत जा.”

तो गेला. शहाणीनं वर पाहिलं.

“मग माझा हात?”

“राहू दे.”

“रिकामा?”

“हो.”

“सगळ्यांना दिसेल, बाई.”

“दिसू दे.”

शहाणीनं हात पाठीमागे नेला. बाईंनी तो हलकेच पुढे आणला, मूठ उघडली आणि तिच्या अंगाशी मोकळा सोडला. पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण तिनं हात परत लपवला नाही. बाईंनी सांगितलं होतं ना.

“आणि आता,” मोठ्या बाईंचा आवाज माइकमधून आला, “आपल्या शाळेची शिस्त ज्यांच्याकडून शिकावी ती इयत्ता दुसरी. बाई, जोड्या पुऱ्या?” विचारता विचारताच त्यांनी संगीताच्या सरांना खूण केली होती. सरांची बोटं पेटीवर टेकलीही होती.

“नाहीत,” बाई म्हणाल्या.

पेटीचा एक सूर निघाला आणि थांबला.

बाईंचा आवाज मुळातच लहान. वर्गातही त्या कधी ओरडत नसत. त्यांनी तो आताही चढवला नाही, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं.

“मंगळवारीही नव्हत्या. बागेच्या फाटकात मी हात मोजले, चेहरे पाहिले नाहीत. भिंगरी तेव्हाच रांगेत नव्हती. मावशींनी सांगितलं ते खरं होतं. मी सांगितलं ते खरं नव्हतं.”

त्या जोडीत दुसरा हात कुणाचा होता हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, निदान तेव्हा. मोठ्या बाईंनी माइकवर तळवा दाबला आणि मग तो काढायला विसरल्या. पहिलीच्या बाई आपल्या मुलांकडे एकेक करून पाहू लागल्या. भिंगरीच्या आईनं बाईंकडे पाहिलं. ती नजर रागाची होती की कशाची, हे बाईंना कळलं नाही, आणि त्यांनी मान खाली घातली नाही. दारापाशी मावशींचे ओठ अजून हलत होते. पाठ केलेलं असं एकदम थांबत नाही. मग तेही थांबले.

बाई रांगेच्या सुरुवातीला परत गेल्या. पुन्हा पहिल्यापासून. पण ह्या वेळी मुठीवर बोटं टेकवली नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, हनुवटी किंचित वर केली आणि तोंड पाहिलं. एकाच्या गालाला डिंक लागला होता. एकीचा दात आजच पडला होता. शहाणीपाशी त्या जरा जास्त थांबल्या. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे त्यांनी पाहिलं, मग खुर्च्यांकडे, आईच्या मांडीवरच्या भिंगरीकडे, आणि तिलाही मनात धरून पुढे सरकल्या. शेवटच्या जोडीपाशी त्या आल्या. रोज इथंच त्यांचं मोजणं संपे.

“बाई,” मधूनच शहाणीचा आवाज आला. बारीक, अडखळता. असा तिचा आवाज वर्गानं कधी ऐकला नव्हता. “मोजताना बोललं तर चालतं?”

“चालतं,” बाई म्हणाल्या. “बोल.”

शहाणीनं रिकामा हात वर केला आणि दाराकडे दाखवलं.

“मावशी राहिल्या.”